कुंपण आणि गंगाजळी

२६ जून १९७४. पश्चिम जर्मनीतल्या कोलोन शहरात दुपार कलली होती. बँकांचे दिवसभराचे व्यवहार आटोपत आले असताना सरकारी अधिकाऱ्यांनी ‘बांकहाउस हेरश्टाट’ या खासगी बँकेचा परवाना काढून घेतला आणि बँकेला टाळे लागले. परकीय चलनाच्या सट्ट्यात तिने सुमारे ४७ कोटी मार्क घालवले होते. तिचे स्वतःचे भांडवल त्याच्या जेमतेम दहाव्या हिश्शाइतके होते.

बँक बुडण्यात नवे काही नव्हते. नवा होता तो घड्याळाचा गोंधळ. कोलोनमध्ये दुपार होती तेव्हा न्यूयॉर्कमध्ये सकाळ होती. मार्क द्यायचे आणि डॉलर घ्यायचे, असे सौदे अनेक बँकांनी हेरश्टाटशी केलेले होते. ठरल्याप्रमाणे त्यांनी जर्मनीत मार्क भरले. त्या बदल्यातले डॉलर त्याच दिवशी न्यूयॉर्कमध्ये मिळायचे होते. पण तिथले कामकाज पुरते सुरू होण्याआधीच हेरश्टाट बंद झाली आणि तिच्या न्यूयॉर्कमधल्या खात्यातून पैसे देणे थांबले. मार्क गेले, डॉलर आले नाहीत.

दाद कोणाकडे मागायची? जर्मन अधिकाऱ्यांनी जर्मन कायद्याप्रमाणे, जर्मन वेळेनुसार आपले काम केले होते. अमेरिकी अधिकाऱ्यांचा त्या बँकेवर अधिकारच नव्हता. तोटा झाला तो दोन देशांच्या कायद्यांमधल्या फटीत, आणि त्या फटीवर कोणाचेच राज्य नव्हते.

बैल गेला आणि झोपा केला, अशी आपल्याकडे म्हण आहे. जागतिक वित्तव्यवहारांच्या नियमनाचा इतिहास हा अशा एकामागोमाग एक बांधलेल्या झोपांचा इतिहास आहे. प्रत्येक मोठ्या पडझडीनंतर एक समिती बसली, एक करार झाला, काही टक्के ठरले. तो सांगताना बहुधा तांत्रिक भाषा वापरली जाते, आणि सामान्य वाचक तिथेच पान उलटतो. पण त्या टक्क्यांच्या मागचा प्रश्न साधा आहे: बैल कोणाचा गेला, झोपा कोणी बांधला आणि त्याचा खर्च कोणी दिला? या प्रश्नाचे उत्तर शोधायचे तर हेरश्टाटच्या आधी तीस वर्षे मागे जावे लागते.

ब्रेटन वुड्सचे फाटक

जुलै १९४४ मध्ये अमेरिकेच्या न्यू हॅम्पशायर राज्यातल्या ब्रेटन वुड्स इथे, माउंट वॉशिंग्टन नावाच्या डोंगराळ भागातल्या हॉटेलात, ४४ देशांचे प्रतिनिधी तीन आठवडे एकत्र होते. युद्ध अजून संपायचे होते. ब्रिटनच्या वतीने जॉन मेनार्ड केन्स आणि अमेरिकेच्या वतीने हॅरी डेक्स्टर व्हाइट हे या परिषदेचे दोन मुख्य शिल्पकार. आंतरराष्ट्रीय नाणेनिधी आणि जागतिक बँक या दोन संस्थांचा जन्म इथला, हे आपण शाळेत वाचलेले असते. तिथे ठरलेली आणखी एक गोष्ट मात्र सहसा सांगितली जात नाही.

केन्स आणि व्हाइट यांचे अनेक बाबतींत पटत नव्हते. एका बाबतीत मात्र दोघांचे एकमत होते. देशादेशांतून नफ्याच्या किंवा भीतीच्या मागे धावणाऱ्या भांडवलाला मोकळे रान द्यायचे नाही. १९३० च्या दशकात त्यांनी हे भांडवल पाहिले होते. आज व्हिएन्नातून पळाले, उद्या बर्लिनमधून, परवा लंडनमधून. आणि ते जिथून निघाले तिथे मागे बँका बुडाल्या, चलने कोसळली, बेकारी उरली. व्यापारासाठी लागणारा पैसा सीमेपलीकडे जावा. पण केवळ जागा बदलण्यासाठी निघालेल्या पैशाला सीमेवर अडवण्याचा हक्क प्रत्येक देशाला असावा, असे दोघांचेही म्हणणे होते. पैसा जिथून निघतो आणि जिथे पोहोचतो त्या दोन्ही टोकांच्या देशांनी एकमेकांना मदत केली, तर हे नियंत्रण सोपे होईल, हेही दोघांच्या आराखड्यांत होते.

न्यूयॉर्कच्या बँकवाल्यांना हे रुचणारे नव्हते. युरोपातून पळून आलेला पैसा त्यांच्याच तिजोऱ्यांत येत होता. त्यांच्या विरोधामुळे सक्तीच्या सहकार्याचे कलम पातळ झाले. उरला तो नाणेनिधीच्या करारातला सहावा अनुच्छेद: भांडवलाच्या आंतरराष्ट्रीय हालचालींवर आवश्यक ते नियंत्रण ठेवण्याची सदस्य देशांना मुभा आहे. कुंपण घालण्याची सक्ती गेली, हक्क राहिला.

या परिषदेला हिंदुस्थानचेही शिष्टमंडळ होते. नेते सर जेरेमी रेझमन हे ब्रिटिश. पण सदस्यांत षण्मुखम चेट्टी, ए. डी. श्रॉफ आणि रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख होते. पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या प्रश्नावर केंद्रीय अर्थमंत्रिपद सोडणारे, महाडजवळच्या नाते गावचे हेच ते देशमुख. या मंडळींची मुख्य तक्रार वेगळी होती. युद्धासाठी हिंदुस्थानने ब्रिटनला पुरवलेल्या मालाचे आणि सेवांचे पैसे लंडनमध्ये पौंडांत साठत होते. कागदावर हिंदुस्थान ब्रिटनचा धनको झाला होता. पण ते पौंड डॉलरमध्ये बदलून यंत्रसामग्री आणता येत नव्हती. बँकेत दहा लाख डॉलर शिल्लक आणि खिशात टॅक्सीच्या भाड्यापुरतीही रोकड नाही अशा माणसासारखी आमची अवस्था करता आहात, अशा आशयाचे श्रॉफ यांनी परिषदेत सुनावले. हा प्रश्न ब्रिटन आणि त्याचे धनको आपसांत सोडवतील, असे सांगून केन्स यांनी तो नाणेनिधीच्या कक्षेबाहेर ठेवला.

म्हणजे नियम लिहिले जात असताना दोन गोष्टी त्याच हॉटेलात ठरल्या. देशाला कुंपणाचा हक्क मिळाला; आणि मोठ्या ऋणकोवर छोट्या धनकोचे काही चालत नाही, हेही दिसून आले.

स्वतंत्र भारताने तो कुंपणाचा हक्क पुरेपूर वापरला. १९४७ चा आणि नंतर १९७३ चा परकीय चलन नियमन कायदा, म्हणजे ‘फेरा’, ही त्याची रूपे. त्या कुंपणाची किंमतही आपण मोजली. खिशात आठ डॉलर घेऊन अमेरिकेला शिकायला गेलेल्या माणसांच्या आठवणी मराठी घराघरांत आहेत. सोन्याची आणि घड्याळांची तस्करी, हवाला, परवान्यासाठीचे खेटे, हे सारे त्याच कुंपणाच्या सावलीत वाढले. ‘कुंपणच शेत खाते’ याचा अनुभव त्या काळात पुष्कळांनी घेतला. पण त्याच काळात बाहेरून आलेला पैसा एका रात्रीत पळून गेला आणि देश कोसळला, असेही कधी झाले नाही. दोन्ही गोष्टी एकाच वहीत लिहायला हव्यात.

लंडनमधली फट

जगाच्या पातळीवर कुंपणाला पहिले भगदाड पडले ते लंडनमध्ये. सुवेझच्या पेचानंतर १९५७ मध्ये पौंड अडचणीत आला, तेव्हा ब्रिटनने परदेशांमधल्या व्यापाराला पौंडांत कर्ज देण्यावर बंधने घातली. लंडनच्या बँकांचा पिढ्यान् पिढ्यांचा धंदा बसण्याची वेळ आली. त्यांनी तोच धंदा डॉलरमध्ये सुरू केला. अमेरिकेबाहेर पडून असलेले डॉलर त्या ठेवी म्हणून घेऊ लागल्या. अमेरिकेत ठेवींवरच्या व्याजाला कायद्याची कमाल मर्यादा होती. लंडनमध्ये या डॉलरना ती लागू नव्हती. शीतयुद्धामुळे आपले डॉलर अमेरिकेत ठेवायला कचरणाऱ्या सोव्हिएत बँकांनीही ते युरोपातच ठेवले. साम्यवादी राजवटीचे डॉलर भांडवलशाहीच्या सर्वांत मोकळ्या बाजाराला खतपाणी घालत होते.

हा ‘युरोडॉलर’ बाजार चमत्कारिक होता. चलन अमेरिकेचे, म्हणून ब्रिटिश नियम त्याला पूर्णपणे लागू नाहीत. व्यवहार लंडनमध्ये, म्हणून अमेरिकी नियम पोहोचत नाहीत. बँक ऑफ इंग्लंडला हे दिसत होते. पण लंडनचे गेलेले वैभव त्यातून परत येत होते, म्हणून तिने डोळेझाक केली. अमेरिकेने १९६३ मध्ये परदेशी रोख्यांवर कर बसवला, तेव्हा डॉलरची कर्जे उभारण्याचे कामही लंडनला सरकले. इटलीतल्या महामार्गांसाठीचा दीड कोटी डॉलरचा पहिला युरोबाँड त्याच वर्षी लंडनच्या बँकवाल्यांनी उभा केला.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. पैसा आपोआप जागतिक झाला, त्याला थांबवणे कोणाच्याच हातात नव्हते, असे आज सांगितले जाते. प्रत्यक्षात एका सरकारने आपल्या शहराच्या फायद्यासाठी फाटक उघडे ठेवले आणि दुसऱ्या सरकारने आपल्या बँकांच्या फायद्यासाठी त्याकडे काणाडोळा केला. १५ ऑगस्ट १९७१ रोजी अध्यक्ष निक्सन यांनी डॉलरच्या बदल्यात सोने देणे बंद केले. १९७३ मध्ये मुख्य चलने तरंगती झाली आणि त्यांच्या चढउतारावर सट्टा करणे हा बँकांचा नवा उद्योग झाला. १९७४ च्या आरंभी अमेरिकेने भांडवलावरची आपली बंधने उठवली. ब्रिटनने १९७९ मध्ये. हेरश्टाट बुडाली ती या वाटेवरच्या पहिल्या अपघातात.

बेसलची खोली

हेरश्टाटनंतर काही महिन्यांतच अमेरिकेतली फ्रँकलिन नॅशनल बँकही परकीय चलनाच्याच व्यवहारांत कोसळली. १९७४ च्या अखेरीस प्रमुख श्रीमंत देशांच्या मध्यवर्ती बँकांच्या गव्हर्नरांनी एक समिती नेमली. तिची बैठक स्वित्झर्लंडमधल्या बेसल शहरात भरू लागली. आपल्याकडचे बँकवाले ज्या ‘बेसल’च्या नावाने उसासे टाकतात ती हीच समिती.

बैठकीची जागा होती बँक फॉर इंटरनॅशनल सेटलमेंट्स. पहिल्या महायुद्धाच्या जर्मन खंडणीचा हिशेब ठेवण्यासाठी १९३० मध्ये निघालेली ही बँक तेव्हा रेल्वे स्टेशनासमोरच्या एका जुन्या हॉटेलात होती. तिचा पूर्वेतिहास फारसा उजळ नव्हता. १९३९ मध्ये जर्मनीने प्राग गिळल्यावर चेकोस्लोव्हाकियाचे सुमारे २३ टन सोने या बँकेमार्फत जर्मन मध्यवर्ती बँकेच्या खाती वळते झाले होते. ही बँक लवकरात लवकर गुंडाळावी, असा ठराव ब्रेटन वुड्समध्येच झाला होता. तो अमलात आला नाही. ब्रेटन वुड्सच्या परिषदेने जी संस्था मोडीत काढायला घेतली होती, तिच्याच छताखाली तीस वर्षांनी नव्या नियमनाचा पाळणा बांधला गेला.

समितीत बारा देश होते: पश्चिम युरोपातले नऊ, शिवाय अमेरिका, कॅनडा आणि जपान. तिच्या निर्णयांना कायद्याचे बळ नव्हते. १९७५ मध्ये तिने पहिला मसुदा केला. परदेशात शाखा असलेल्या बँकेवर यजमान देशाने काय पाहावे आणि मूळ देशाने काय पाहावे, याची ती वाटणी होती. एकही बँक देखरेखीतून सुटू नये, हा हेतू.

सुटायला वेळ लागला नाही. १९८२ मध्ये मिलानची बांको अँब्रोझियानो कोसळली आणि तिचे प्रमुख रोबेर्तो काल्वी लंडनच्या ब्लॅकफ्रायर्स पुलाखाली फासाला लटकलेले सापडले. इटलीने मिलानमधल्या बँकेच्या ठेवीदारांना सावरले. पण तिची लक्झेंबर्गमधली कंपनी आमची जबाबदारी नाही, असे सांगितले. लक्झेंबर्गचे म्हणणे, ती कंपनी बँकच नव्हे, मग देखरेख कसली? तिला कर्ज दिलेल्या परदेशी बँका मधल्या मध्ये अडकल्या. १९८३ मध्ये मसुदा पुन्हा लिहिला गेला. दुसरा बैल, दुसरा झोपा.

१९८२ च्याच ऑगस्टमध्ये मेक्सिकोने कर्ज फेडता येत नसल्याचे कळवले होते. लॅटिन अमेरिकेला वाटलेल्या कर्जांपुढे बड्या अमेरिकी बँकांचे भांडवल अगदीच तुटपुंजे होते. नाणेनिधीला जादा पैसे द्यायचे तर आपल्या बँकांना आधी शिस्त लावा, असे अमेरिकी काँग्रेसने बजावले. पण एकट्या अमेरिकेने कडक नियम केले तर धंदा कमी भांडवलावर चालणाऱ्या जपानी बँका नेतील, अशी तिथल्या बँकांची ओरड होती. अमेरिका आणि ब्रिटन यांनी १९८७ मध्ये आपसांत करार केला, जपानला त्यात ओढले आणि जुलै १९८८ मध्ये बेसल समितीचा प्रसिद्ध करार झाला: जोखमीनुसार मोजलेल्या मालमत्तेच्या किमान ८ टक्के भांडवल बँकेने बाळगावे.

या ८ टक्क्यांबरोबर नियमनाची कल्पनाच बदलली. ब्रेटन वुड्सने पैशाच्या वाटेवर कुंपण घालण्याचा हक्क दिला होता. बेसलने वाट मोकळी सोडली आणि वाटसरूला सांगितले, पदरी शिदोरी ठेव. पैसा कुठे जातो, कशासाठी जातो, जिथे जातो तिथे काय घडवतो, हे प्रश्न मागे पडले. उरला तो एकच: नुकसान झाले तर सोसण्याइतकी गंगाजळी बँकेकडे आहे का?

आणि जोखीम मोजण्याचा काटा कोणाचा होता? श्रीमंत देशांच्या संघटनेतल्या सरकारांना दिलेल्या कर्जाची जोखीम शून्य धरली गेली. संघटनेबाहेरच्या देशांतल्या बँकांना वर्षाहून अधिक मुदतीचे कर्ज दिले तर जोखीम पूर्ण १०० टक्के. पण वर्षाच्या आतले दिले तर फक्त २० टक्के. हे एक कलम लक्षात ठेवावे. बेसलच्या खोलीत ते हिशेबाची सोय म्हणून लिहिले गेले होते. नऊ वर्षांनी पूर्व आशियाने त्याची किंमत मोजली.

जुलै १९९१

दरम्यान एक बँक अशी निघाली की तिला कोणताच देश आपला म्हणत नव्हता. आगा हसन अबेदी यांनी १९७२ मध्ये काढलेल्या ‘बँक ऑफ क्रेडिट अँड कॉमर्स इंटरनॅशनल’ची नोंदणी लक्झेंबर्गमध्ये, मोठी उपकंपनी केमन बेटांवर, कारभार लंडनमधून आणि शाखा सुमारे ७० देशांत. लक्झेंबर्गच्या आणि केमनच्या हिशेबांची तपासणी बरीच वर्षे दोन वेगळ्या ऑडिट कंपन्या करत होत्या; सगळा ताळेबंद एकत्र पाहणारे कोणी नव्हते. बेसलच्या मसुद्याप्रमाणे मूळ देशाने लक्ष ठेवायचे. पण हिचा मूळ देश केवळ कागदावर होता.

५ जुलै १९९१ रोजी अनेक देशांच्या अधिकाऱ्यांनी ठरवून एकाच दिवशी ही बँक बंद केली. ठेवीदारांत आखातात आणि ब्रिटनमध्ये राबणारे दक्षिण आशियाई दुकानदार, नोकरदार होते, आफ्रिकेतली सरकारी खाती होती, स्कॉटलंडच्या पश्चिम बेटांची स्थानिक परिषदही होती. तिचे २ कोटी ३० लाख पौंड त्यात अडकले. या बँकेची एक शाखा मुंबईतही होती. पुढे स्टेट बँकेने त्यासाठी स्वतंत्र उपकंपनी काढून तिचा कारभार ताब्यात घेतला.

त्याच जुलै महिन्यात मुंबईत आणखी एक व्यवहार चालू होता. रिझर्व्ह बँकेच्या तिजोरीतले सुमारे ४७ टन सोने विमानाने लंडनला, बँक ऑफ इंग्लंडकडे रवाना होत होते. देशाकडचे परकीय चलन काही आठवड्यांच्या आयातीपुरतेही उरले नव्हते. आखाती युद्धामुळे तेल महागले होते, पतमापन संस्थांनी भारताची पत खाली आणली होती, अल्पमुदतीची परदेशी कर्जे मिळेनाशी झाली होती आणि अनिवासी भारतीय आपल्या ठेवी काढून घेत होते. गहाण पडलेल्या त्या सोन्याच्या बदल्यात सुमारे ४० कोटी डॉलर मिळाले.

या दोन घटनांचा एकमेकींशी थेट संबंध नाही. पण दोन्हींत एकच गोष्ट दिसते. बँकेची गंगाजळी आटली की ठेवीदार रस्त्यावर येतो. देशाची आटली की घरातले सोने बाहेर निघते.

बेसलचे नियम भारतात १९९२ पासून टप्प्याटप्प्याने आले. ज्या खोलीत ते लिहिले गेले तिथे आपल्याला खुर्ची नव्हती. रिझर्व्ह बँकेने तर पुढे ८ ऐवजी ९ टक्के भांडवलाची अट घातली. सरकारी बँकांचे ते भांडवल भरायचे कोणी? सरकारने, म्हणजे करदात्यांनी. १९९० च्या दशकापासून अर्थसंकल्पांतून ही भरपाई होत आली आहे. ऑक्टोबर २०१७ मध्ये जाहीर झालेली त्यासाठीची योजना २ लाख ११ हजार कोटी रुपयांची होती. कुठल्याशा युरोपीय शहरात ठरलेल्या टक्क्यांचा आपल्या घराशी काय संबंध, असे वाटत असेल तर हा आकडा आठवावा.

सोन्याच्या रांगा

२ जुलै १९९७ रोजी थायलंडने आपल्या बाट या चलनाचा दर सोडून दिला. पाठोपाठ इंडोनेशिया, मलेशिया, दक्षिण कोरिया. यांपैकी बहुतेक देशांनी आधीच्या काही वर्षांत कुंपणे मोडली होती, आणि त्यांच्याकडे आलेला पैसा मुख्यतः अल्पमुदतीचा होता. वर्षाच्या आतल्या कर्जाला कमी भांडवल पुरते, या बेसलच्या कलमाने परदेशी बँकांना तीच सोयीची वाट दाखवली होती. थायलंड, इंडोनेशिया आणि कोरिया या तिघांचेही अल्पमुदतीचे परदेशी कर्ज त्यांच्या परकीय चलनाच्या साठ्यापेक्षा मोठे झाले होते. एकाने पैसे मागितले की बाकीचे धावणार, हे उघड होते. सगळे धावले.

जानेवारी १९९८ मध्ये कोरियात लोकांच्या रांगा लागल्या. लग्नातल्या अंगठ्या, मुलांच्या पहिल्या वाढदिवसाची वळी, खेळाडूंची पदके, जे सोने घरात होते ते लोक देशाचे कर्ज फिटावे म्हणून आणून देत होते. सुमारे सव्वादोनशे टन सोने गोळा झाले. सोल इथल्या बँकांना ज्यांनी घाईने अल्पमुदतीची कर्जे दिली होती, त्या परदेशी बँकांचे बहुतेक पैसे परत गेले.

याच काळातली एक विसंगती नोंदवण्याजोगी आहे. सप्टेंबर १९९७ मध्ये, थायलंड कोसळून तीन महिनेही झाले नसताना, नाणेनिधीची वार्षिक बैठक हाँगकाँगमध्ये भरली. सदस्य देशांना भांडवलावरची बंधने उठवायला लावणे हे निधीच्या उद्दिष्टांतच घालावे, त्यासाठी मूळ करार बदलावा, अशी तिथे तयारी चालली होती. भारतातही मे १९९७ मध्ये एस. एस. तारापोर समितीने रुपया तीन वर्षांत भांडवली व्यवहारांसाठी परिवर्तनीय करण्याचा आराखडा दिला होता. मात्र आधी वित्तीय तूट, महागाई आणि बुडीत कर्जे आटोक्यात आणा, अशा अटी त्यात होत्या. आशियातल्या वादळाने दोन्ही बेत बारगळले. मलेशियाने १ सप्टेंबर १९९८ रोजी उलट कुंपण घातले आणि रिंगिटचा दर डॉलरला ३.८० असा बांधला. त्या वेळी त्यावर कडाडून टीका झाली. ते कितपत उपयोगी पडले यावर अर्थतज्ज्ञांत आजही मतभेद आहेत; पण भाकीत केल्याप्रमाणे मलेशिया जगापासून तुटला नाही.

बँका मरताना

दरम्यान बेसलचा दुसरा करार २००४ मध्ये आला. जोखीम मोजण्याचे काम त्याने बऱ्याच अंशी मोठ्या बँकांच्या स्वतःच्या गणिती प्रतिमानांवर आणि पतमापन संस्थांवर सोपवले. आपल्या शिदोरीचे वजन वाटसरूनेच करायचे आणि काटाही त्यानेच आणायचा. २००८ मध्ये काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे.

या वेळी आगीची झळ नियम लिहिणाऱ्यांच्याच घरात आली, आणि हेरश्टाटच्या वेळची फट जशीच्या तशी पुन्हा दिसली. आइसलँडची लोकसंख्या सुमारे सव्वातीन लाख. तिथल्या लांड्सबांकी या बँकेने ब्रिटन आणि नेदरलँड्समध्ये ‘आइससेव्ह’ नावाने इंटरनेटवरून ठेवी गोळा केल्या. ठेवीदारांची संख्या चार लाखांच्या वर, म्हणजे आइसलँडच्या लोकसंख्येहून जास्त. ऑक्टोबर २००८ मध्ये बँक बुडाली, तेव्हा ब्रिटनने दहशतवादविरोधी कायद्यातल्या अधिकारांनी तिची मालमत्ता गोठवली. ब्रिटिश आणि डच सरकारांनी आपल्या ठेवीदारांना पैसे दिले आणि बिल आइसलँडच्या नागरिकांपुढे ठेवले. त्यांनी २०१० आणि २०११ अशा दोन सार्वमतांत ते नाकारले. २०१३ मध्ये न्यायालयाचा निकालही आइसलँडच्या बाजूने लागला. बँका जगतात आंतरराष्ट्रीय म्हणून, मरतात मात्र राष्ट्रीय म्हणून, असे एक वचन बँक ऑफ इंग्लंडचे तेव्हाचे गव्हर्नर मर्व्हिन किंग यांच्या नावे सांगितले जाते. आइसलँडच्या कोळ्यांना आणि शिक्षकांना त्याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नव्हती.

पुढची घटना अधिक बोलकी आहे. नोव्हेंबर २००८ मध्ये आइसलँडने भांडवलावर कडक निर्बंध घातले, आणि ते नाणेनिधीच्या संमतीने. अकरा वर्षांपूर्वी हाँगकाँगमध्ये जी संस्था कुंपणे उखडायला निघाली होती, तिनेच इथे खांब रोवायला मदत केली. ते निर्बंध मुख्यतः २०१७ पर्यंत टिकले. २०१२ मध्ये निधीने अधिकृत भूमिकाही बदलली: काही परिस्थितींत भांडवलाच्या ओघावर नियंत्रण योग्य ठरू शकते. १९४४ च्या करारात हे लिहिलेलेच होते. करार बदलायचा राहून गेला होता, म्हणून ते शोधावेही लागले नाही.

२००९ मध्ये बेसल समितीने भारतासह अनेक देशांना सदस्यत्व दिले. तिसऱ्या करारात भांडवलाचे टक्के वाढले, रोकडसुलभतेच्या अटी आल्या. आता खुर्ची मिळाली आहे, हा फरक लहान नाही. पण मार्च २०२३ मध्ये बेसलच्याच देशातली क्रेडिट स्विस ही बलाढ्य बँक कोसळली, तेव्हा तिचे भांडवल नियमांनी मागितलेल्यापेक्षा अधिक होते. विश्वास उडालेल्या ठेवीदारांनी पैसे काढून नेले आणि एका शनिवार-रविवारात सरकारने तिला प्रतिस्पर्धी बँकेच्या पदरात टाकले.

हिशेबाची वही

आशियातल्या देशांनी १९९७ चा धडा आपल्या परीने घेतला. बेसलवर किंवा नाणेनिधीवर विसंबण्यापेक्षा आपली गंगाजळी आपणच भरायची. १९९१ मध्ये जेमतेम शंभर कोटी डॉलरवर आलेला भारताचा परकीय चलनाचा साठा २०२१ मध्ये ६०,००० कोटी डॉलरच्या पुढे गेला. वर्तमानपत्रांत त्याची बातमी अभिमानाने येते, आणि ते गैर नाही. पण गंगाजळी फुकट भरत नाही. हे डॉलर बहुतांशी अमेरिकेच्या आणि इतर श्रीमंत देशांच्या सरकारी रोख्यांत, कमी व्याजावर ठेवलेले असतात. ज्या देशात शाळा, रुग्णालये, पाटबंधारे यांना पैसा कमी पडतो, तो देश श्रीमंतांना स्वस्तात कर्ज देतो. कारण वादळ आले तर दुसरे कोणी धावून येईल याची खात्री नाही. ब्रेटन वुड्समध्ये श्रॉफ आणि देशमुख लंडनमध्ये अडकलेल्या ज्या पैशांसाठी भांडत होते, त्या पैशांपेक्षा हा साठा पुष्कळ वेगळा आहे. तो आपला आहे, हवा तेव्हा वापरता येतो. तरीही धनको गरीब आणि ऋणको श्रीमंत, हे चित्र ओळखीचे वाटते.

कुंपण हवे की गंगाजळी, असा हा वाद कधीच निव्वळ तंत्राचा नव्हता. कुंपणाचा खर्च ज्यांना पैसा हलवायचा आहे त्यांच्यावर पडतो, आणि काही प्रमाणात परवान्यासाठी खेटे घालणाऱ्या सामान्यांवर. गंगाजळीचा खर्च सगळ्यांवर पडतो आणि तो दिसत नाही. न दिसणारा खर्च राजकारण्यांना नेहमीच सोयीचा असतो. भारताने आजवर दोन्ही थोडे थोडे ठेवले आहे: ‘फेरा’ जाऊन ‘फेमा’ आला, फाटक बरेच उघडले, पण बिजागऱ्या काढून फेकलेल्या नाहीत. त्या काढाव्यात, असा सल्ला दर काही वर्षांनी पुन्हा येतो. तो ऐकताना तोटा झाल्यास त्याची वाटणी कशी होणार, एवढे तरी विचारायला हवे.

१९९१ मध्ये गहाण गेलेले सोने त्याच वर्षी सोडवले गेले. पण रिझर्व्ह बँकेच्या सोन्याचा मोठा हिस्सा लंडनच्या तिजोऱ्यांतच राहिला. २०२३-२४ या वर्षात रिझर्व्ह बँकेने त्यातले सुमारे १०० टन सोने भारतात परत आणले. त्याची कोणी मिरवणूक काढली नाही. विमाने उतरली, गाड्या तिजोऱ्यांपाशी पोहोचल्या, नोंद झाली. तेहतीस वर्षांपूर्वीच्या जुलैमध्ये अशाच गाड्या गुपचूप उलट दिशेने, विमानतळाकडे निघाल्या होत्या.